परत येण्याचा पुरावा

व्हिसाच्या खिडकीत मी देऊन आले होते
बँकेचं पासबुक, आबांचा सातबारा
आणि बालवाचनालयाच्या शिक्क्याचं पत्र,
की ही मुलगी इचलकरंजीला परत येईल,
शनिवारचा गोष्टींचा तास तिच्याकडेच आहे.

संस्थेनं कळवलेलं:
तिकिटाचे पैसे आम्ही देऊ, पण आधी तुम्ही भरा.
बोर्डिंग पासचा तुकडा जपा.
तुकडा गेला की पैसे गेले.
म्हणून तुकडा पासपोर्टात, पासपोर्ट पाकिटात, पाकीट पोटाशी
असा तो बेरिकपर्यंत आला,
मी त्याच्यामागून.

बेरिक म्हणजे इंग्लंडचं शेवटचं स्टेशन.
पुढे तीन मैलांवर स्कॉटलंड.
दोन्ही देशांनी हे गाव इतक्यांदा हिसकावलं एकमेकांकडून
की बेकरीतल्या आजोबांना विचारलं, तुम्ही नक्की कुठले,
तर म्हणाले, बेरिकचा.
आमच्या निपाणीच्या मावशीला विचारा,
तीही आधी पदर सारखा करते,
मग असंच काहीतरी बोलते.

वसतिगृह म्हणजे जुनं धान्याचं कोठार, एका अंगाला कललेलं.
खिडकीखाली ट्वीड नदी,
नदीत पाच-पन्नास हंस,
शिळ्या पावावरून अगदी आपल्यासारखे भांडणारे.

बावीस खुर्च्या गोल मांडलेल्या.
रोज सकाळी साडेनऊला खेळ:
डोळे मिटून हात पुढे करा, मिळेल तो हात धरा,
आता न सोडता गाठ सोडवा.
जेव्देतचं कोपर माझ्या कानाशी,
आनाहितची वेणी माझ्या तोंडात.
मनात आलं, एवढ्या लांबून ह्याच्यासाठी आले?
आमची पोरं हे गल्लीत फुकट करतात.
मग गाठ सुटली
आणि माझ्या हातात उरलेला हात इल्झेचा होता,
जिच्याशी मी दोन दिवस बोलले नव्हते,
गरम पाण्यावरून.

टेबलावर एक नावाची चिठ्ठी मात्र
कुणी गळ्यात घातली नाही.
एफुआ. टमाले, घाना.
फेनेला पहिल्या दिवशी म्हणाली, उद्या पोचेल.
दुसऱ्या दिवशी काहीच म्हणाली नाही.
तिसऱ्या दिवशी वाचून दाखवलं:
अर्जदार परत जाईल
याचा पुरेसा पुरावा आढळत नाही.

सातबारा नव्हता तिच्याकडे.
सायकलवरून गावोगाव जाणारं नाटक होतं,
त्यात सदतीस मुलं
आणि एक म्हातारा ढोलवाला.

त्या दुपारी तक्त्यावर मोठ्या अक्षरात 'संधी'.
एकेक शब्द लिहून चिकटवा, कुठल्याही भाषेत.
मी लिहिलं, खुर्ची.
फेनेलानं विचारलं, म्हणजे काय?
मी बोट दाखवलं. तिनं मान खाली घातली
आणि चहाची सुट्टी दहा मिनिटं आधी दिली.

शेवटून दुसऱ्या रात्री जो तो आपल्या मुलखाचं खाणं घेऊन बसलेला.
माझ्या शेंगदाण्याच्या चटणीनं आनाहितच्या डोळ्यांत पाणी.
एफुआला फोन लावला.
काय दिसतंय तिथून, तिनं विचारलं.
मी फोन खिडकीबाहेर धरला.
धुकं, दिवे, पाण्यावर पांढरे ठिपके.
"एवढी बदकं?" एफुआ म्हणाली,
"आणि एकही कुणी शिजवत नाही?"
हसता हसता नेटवर्क गेलं.

निघताना हिशेब.
दोन पौंड ऐंशीचं बसचं तिकीट हरवलं होतं माझ्याकडून.
सॉरी, कागदाशिवाय देता येत नाही, फेनेला म्हणाली.
बरोबरच आहे.
बाकी सगळं मिळालं, मी सही केली.
शेवटच्या फॉर्मवर प्रश्न होता: इथून काय घेऊन जाता?
तीन ओळी लिहिल्या, सगळ्यांनी लिहिल्या तशाच.
बॅगेत टाकलेल्या चिठ्ठीबद्दल
कुणाला विचारलं नाही.

आता ती वाचनालयाच्या कपाटाला अडकवली आहे.
मागच्या गल्लीत मागांची खटखट,
समोर गाठीत अडकलेली अकरा पोरं, बारावी मी.

परवा रजिस्टर चाळताना पाहिलं,
कुणीतरी वाकड्या अक्षरात नोंद केली आहे:
सभासद एफुआ. पुस्तक, 'सोप्या नाटिका'.
परत केल्याची तारीख:

ती जागा कोरी.
दंड लावायचा तर मलाच लावावा लागेल.
राहू दे.